आईच्या चालीनं डेव्हिल्स लेक

पायवाटेवरून (साप्ताहिक सदर)

मे महिना उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. माथेरान, ताडोबा, कोकण मागे पडतं आणि "मुलाकडे शिकागोला चाललोय, सहा महिने मुक्काम आहे, जवळपास काय बघता येईल?" असं विचारणारी पत्रं वाढतात. तिकडच्या मुलांची पत्रं वेगळी. "आई-बाबा येताहेत, नायगारा आणि न्यूयॉर्क ठरलंय, मधल्या शनिवार-रविवारी कुठे नेऊ?" दोन्हीकडच्यांना मी एकच नाव सांगतो: विस्कॉन्सिनमधलं डेव्हिल्स लेक स्टेट पार्क. शिकागोहून गाडीनं तीनेक तास, मॅडिसनहून तासभर, बाराबू गावाच्या दक्षिणेला. पण नुसतं नाव सांगून भागत नाही, कारण बहुतेक घरांत या सहलीचा बेत उलट्या टोकानं सुरू होतो.

आधी गाड्या किती ते ठरतं. मग पावभाजी की छोले, कोळसा कोण आणणार, बर्फाचा डबा कुणाकडे आहे. यावर आठवडाभर खल चालतो आणि तिथं पोचल्यावर काय करायचं ते पार्किंगमध्ये उभं राहून, फोनवर बघून ठरतं. फोन सगळ्यांत प्रसिद्ध वाट दाखवतो, बॅलन्स्ड रॉकची. मंडळी तिकडे निघतात. वाट अर्ध्या मैलापेक्षाही कमी, पण दगडी पायऱ्यांची उभी चढण, आणि धरायला कठडा नाही. सत्तरीतली आई विसाव्या-पंचविसाव्या पायरीवर थांबते आणि म्हणते, "तुम्ही जाऊन या, मी बसते इथं." आपल्या घरांत हे वाक्य इतक्या सहजपणे बोललं जातं की त्यात काही बिनसलंय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. माझं म्हणणं असं की बेत या वाक्यापासूनच सुरू करावा. गाडीतल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्या माणसाला दिवसभर पुरेल असं इथं काय आहे? भरपूर आहे, आणि या पार्कातलं सगळ्यांत मोलाचं जे काही आहे ते तर सपाटीवरच आहे.

तळं फार मोठं नाही, 360 एकरांचं. पूर्व, पश्चिम आणि दक्षिण बाजूंना सरोवरापासून सुमारे 500 फूट उंचीचे कडे उठतात. त्यांचा रंग बघून आपला माणूस चकित होतो, कारण सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाची सवय असलेल्या डोळ्यांना गुलाबी-जांभळा डोंगर ओळखीचा वाटत नाही. हा क्वार्टझाइट. कधी काळी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू दाबाखाली आणि उष्णतेनं घट्ट होत होत हा खडक झाली. तिच्यातल्या लोहाच्या अंशानं त्याला रंग दिला. वय 160 कोटी वर्षांहून जास्त. आपल्या दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा. राजगड-तोरणा पायाखाली घातलेल्या बाबांना हे दोन आकडे शेजारी ठेवून सांगा, मग बघा ते किती वेळ त्या कड्याकडे बघत राहतात.

आणि ते नुसतं सांगण्यापुरतं नाही, हाताला लागतं. काही शिळांवर लहरींच्या खुणा आहेत. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर उमटतात तशा समांतर वळ्या, अगदी बोटाच्या पेरांत मावतील एवढ्या अंतरावर. वाळू दगड झाली, दगड उचलला गेला, त्यावर बर्फ आलं नि गेलं, पण पाण्यानं ओढलेल्या त्या रेघा राहिल्या. अशी शिळा दिसली की थांबा. आईचा हात त्यावर ठेवा. त्यासाठी एकही पायरी चढावी लागत नाही. कड्याच्या पायथ्याशी कोसळून पडलेल्या दगडांच्या राशींतही डोळसपणे चाललं तर अशा खुणा सापडतात.

तळ्याचा जन्मही काठावर बसूनच समजावता येतो. या कड्यांमधून पूर्वी नदी वाहत होती. शेवटच्या हिमयुगात ग्रीन बे बाजूनं सरकत आलेल्या हिमनदीनं या डोंगरांना वळसा घातला आणि खिंडीच्या दोन्ही तोंडांशी दगड-मातीचे बांध टाकले. बर्फ वितळलं, बांध राहिले, मधलं पाणी कोंडलं गेलं. नदी पूर्वेकडून दुसऱ्या वाटेनं गेली. म्हणून या सरोवरातून जमिनीवरून वाहत बाहेर पडणारा प्रवाह नाही. उत्तर काठावरच्या हिरवळीवर सतरंजी टाकून बसाल, तेव्हा पाठीमागे त्यांतला एक बांध आहे हे नातवंडांना दाखवा. तो इतका झाडांनी भरलेला आहे की सांगितल्याशिवाय कळत नाही.

आता चालण्याविषयी. ज्यांच्या गुडघ्यांना चढ मानवत नाही त्यांच्यासाठी माझी पहिली पसंती दक्षिणेची ग्रॉटोज ट्रेल. पूर्वेकडच्या कड्याच्या पायथ्यानं, सावलीतून जाणारी, जवळपास सपाट. दुसरी पश्चिम काठाची टम्बल्ड रॉक्स ट्रेल, सुमारे मैलभर. तिच्यावर काही ठिकाणी वर-खाली आहे आणि दगड ओले असतील तर हा खडक साबणासारखा निसरडा होतो, म्हणून आदल्या रात्री पाऊस झाला असेल तर तिथं घाई नको. पण एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला घरांएवढ्या शिळांची दरड आणि समोर पूर्वेचा अख्खा कडा, असं दृश्य वर चढून गेलेल्यांनाही मिळत नाही. वरून तळं दिसतं. कडा बघायचा तर खालीच उभं राहावं लागतं. तळ्यात विजेवर चालणाऱ्या मोटरखेरीज दुसऱ्या मोटरच्या होड्यांना परवानगी नाही, त्यामुळे पाण्यावरून फटफट ऐकू येत नाही. मधूनच पूर्व काठावरच्या रुळांवरून एखादी मालगाडी जाते, तेवढीच.

त्या रुळांमुळेच हे ठिकाण लोकांना ठाऊक झालं. 1873 साली रेल्वे इथं पोचली, काठावर हॉटेलं उभी राहिली, शिकागोची माणसं हवापालटाला येऊ लागली. पुढे जॉन नोलेन या उद्यान-रचनाकारानं 1909 साली विस्कॉन्सिनसाठी स्टेट पार्कांचा अहवाल दिला, त्यात या जागेची शिफारस होती, आणि 1911 साली ती सरकारी उद्यान झाली. पायऱ्या आणि वाटा मात्र बऱ्याचशा नंतरच्या. महामंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी अमेरिकी सरकारनं सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर उभी केली होती. तिच्या छावणीतल्या मुलांनी 1935 ते 1941 या काळात इथं दगड वाहिले, रचले. एका वाटेला आजही सीसीसी ट्रेल म्हणतात. 72च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडलेली किंवा फोडताना पाहिलेली पिढी आता तिकडे आजी-आजोबा म्हणून जाते आहे. त्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं, कारण त्या पायऱ्यांमागचे कष्ट त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला कळणार?

या सगळ्याच्या आधीची इथली माणसं म्हणजे हो-चंक हे मूलनिवासी. त्यांना हे सरोवर पवित्र. 1837च्या करारानंतर त्यांना या मुलुखातून पुन्हा पुन्हा हुसकून लावलं आणि ते पुन्हा पुन्हा परतले. आजही ते विस्कॉन्सिनमध्ये आहेत. पार्कात सुमारे हजार वर्षांपूर्वी रचलेले मातीचे उंचवटे आहेत, पक्ष्याच्या, प्राण्यांच्या आकारांचे. जमिनीपासून फारसे उंच नसल्यामुळे आकार एकदम कळत नाही, त्यावर पोरं धावतात, कुणी सतरंजी अंथरतं. फलक वाचा आणि त्यांच्यावर पाय देऊ नका. देवळात चपला कुठे काढायच्या हे ज्यांना शिकवावं लागत नाही त्यांना यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

सगळ्यांत कळीची गोष्ट मात्र दिवसाची निवड. तुलनेसाठी बघा: यलोस्टोन नॅशनल पार्कचं क्षेत्र 22 लाख एकर आणि वर्षाला येणारे लोक चाळीस लाखांहून जास्त. डेव्हिल्स लेकचं क्षेत्र नऊ हजार एकरांच्या थोडं वर आणि लोक वर्षाला वीस लाखांहून जास्त. हे वाचून उन्हाळ्यातल्या शनिवारी दुपारी काय होत असेल याचा अंदाज येईल. फाटकापाशी रांग, पार्किंग भरलेलं, स्वच्छतागृहांपाशी रांग, टेबल मिळालं तर नशीब. म्हाताऱ्या माणसांना या सगळ्याचा जो शीण होतो तो चालण्याचा होत नाही. म्हणून मी ठासून सांगतो: आई-बाबांना शनिवारी नेऊ नका. एक रजा काढा. मंगळवार-बुधवार निवडा. तीन तासांच्या ड्रायव्हिंगनंतर नऊच्या आत पोचायचं म्हणजे पहाटे निघावं लागेल, पण आपली आधीची पिढी पाचला उठतेच. अडचण असते ती मुलांची. ऑक्टोबरच्या मध्याला पानं रंगतात तेव्हाचे शनिवार-रविवार तर जुलैइतकेच वाईट. मला सगळ्यांत आवडतो तो सप्टेंबर, लेबर डे उलटून गेल्यानंतरचा. शाळा सुरू झालेल्या असतात, ऊन सौम्य असतं, डास कमी झालेले असतात. सहा महिन्यांच्या मुक्कामावर आलेल्यांना सप्टेंबर सहज मिळतो, तरी बहुतेकांची सहल जुलैच्या चार तारखेच्या सुट्टीत ठरते, कारण तेव्हा सगळ्या मित्रांना सुट्टी असते. वीस जणांची सहल मित्रांसाठी असते. तीही जरूर करावी, पण आई-बाबांना ती दाखवण्याची सहल म्हणून मोजू नये.

शुल्काचं थोडक्यात: विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात गाडीला स्टिकर लागतं आणि दुसऱ्या राज्याच्या नंबरप्लेटला ते महाग पडतं. इलिनॉयच्या बहुतेक स्टेट पार्कांत गाडीला प्रवेशशुल्क नसतं, त्यामुळे शिकागोकर फाटकावर कुरकुर करतात. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर ताजा दर बघून निघा. तंबूच्या जागांचं आरक्षण अकरा महिने आधी उघडतं आणि चांगल्या जागा पटकन जातात. ज्येष्ठांसाठी मात्र बाराबूतलं साधं हॉटेल बरं. सरपण घरून नेऊ नका. झाडं पोखरणारी कीड लाकडातून पसरते म्हणून दुरून आणलेल्या लाकडाला मनाई आहे. तिथंच विकत मिळतं.

आता जेवणाविषयी. मी जेवणाच्या विरोधात नाही, हे माझ्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे. पण शेगडी, तवा, वीस पाव आणि किलोभर लोणी यांच्यामागे घरातली एक-दोन माणसं दिवसभर गुंततात, आणि ती कोण असतात हे सांगायला नको. भारतातून हजारो किलोमीटर आलेली आई तळ्याकडे पाठ करून कांदा चिरत बसते. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, एका डब्यात दहीभात: आदल्या रात्री करा, तेही मुलानं आणि जावयानं. पार्कात पिकनिकची टेबलं आहेत. थर्मासात चहा न्या.

जपायच्या गोष्टी मोजक्याच, पण टाळण्यासारख्या नाहीत. वरच्या कड्यांच्या काठाला सगळीकडे कठडे नाहीत. फोटोसाठी मागे मागे सरकणाऱ्या माणसाला हाताला धरून पुढे आणा. पोहण्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात, तेव्हा नातवंडांवर नजर ठेवायला एक मोठा माणूस नेमून द्या, "सगळे बघताहेत" म्हणजे कुणीच बघत नाही. गवतात गोचीड असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होऊ शकतो. पूर्ण बाह्या, मोज्यात खोचलेला पायजमा, आणि घरी आल्यावर काखा, कान, गुडघ्यामागची जागा तपासणं. आईची साडी असेल तर घोट्यापाशी जास्त लक्ष द्या. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका, चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवा. प्रवास-विम्याचं कार्ड आणि रोजच्या गोळ्या हॉटेलवर न ठेवता सोबत असू द्या.

वेळ दोन दिवसांचा असेल तर दुसरा दिवस विस्कॉन्सिन डेल्सच्या वॉटर पार्कांत घालवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बाराबूजवळच निसर्गलेखक आल्डो लिओपोल्डची झोपडी आहे. 1935 साली त्यानं नदीकाठची नापीक झालेली शेतजमीन घेतली, कुटुंबाला घेऊन तिथं झाडं लावली, आणि 1948 साली शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवायला गेला असताना त्याचं निधन झालं. त्याचं गाजलेलं पुस्तक पुढच्या वर्षी आलं. आणि बाराबूतच इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन आहे, 1973 साली जॉर्ज आर्किबाल्ड आणि रॉन सॉई या दोघांनी सुरू केलेलं. जगातल्या क्रौंचकुळातल्या पंधराही जाती तिथं एका आवारात बघता येतात. वाटा सपाट आहेत. त्या पंधरांत सारसही आहे. महाराष्ट्रात तो आता उरलाय तो मुख्यत्वे गोंदियाच्या भातखाचरांत आणि तळ्यांकाठी. तिथले शेतकरी आपल्या बांधातली त्याची घरटी राखतात, म्हणून. तुमच्या आई-बाबांपैकी कुणी विदर्भातलं असेल तर फाउंडेशनच्या माणसांना हे सांगायला त्यांना लावा, इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी. ते केंद्र हिवाळ्यात बंद असतं, तेव्हा दोन्ही ठिकाणं एकत्र करायची तर ऑक्टोबर संपायच्या आत जायला हवं.