अमिनो आम्लांचा डबा आणि स्मरणशक्ती

परीक्षा जवळ आल्या की लातूर-नांदेडकडे ‘स्मरणशक्ती वाढविणाऱ्या’ चूर्णांची विचारणा सुरू होते. अशा काही डब्यांवर ‘अमिनो आम्लयुक्त’ असे ठळक छापलेले असते. निरोगी मुलाने ते चूर्ण घेतले तर बहुधा पैसेच वाया जातात. पण छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया झालेल्या माणसाच्या घरात तोच डबा औषधाच्या जागी आला, तर नुकसान फार मोठे होते.

या आजारातील भास आणि संशय सर्वांना दिसतात. पण पुष्कळ रुग्णांची स्मृतीही दुबळी होते. सांगितलेल्या चार वस्तू दुकानात पोचेपर्यंत लक्षात ठेवणे त्यांना जड जाते. नेहमीच्या औषधांनी भास कमी होतात. स्मृतीला मात्र त्यांचा फारसा उपयोग होत नाही.

मग अमिनो आम्लांचा विचार का पुढे आला? मेंदूतील चेतापेशींवर एनएमडीए नावाचे ग्राही असतात. स्मृती घडण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, त्याप्रमाणे हा ग्राही उघडण्यास ग्लुटामेट आणि त्याच्या जोडीला ग्लायसिन किंवा डी-सेरिन लागते. छिन्नमनस्कतेत या ग्राहीचे काम मंदावत असावे, असा अनेक शास्त्रज्ञांचा कयास आहे. तेव्हा रुग्णाला ग्लायसिन देऊन पाहावे, हा विचार योग्यच होता.

परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. अमेरिका व इस्राएलमधील १५७ रुग्णांवर १६ आठवडे प्रयोग झाला. एका गटाला ग्लायसिन दिले, तर दुसऱ्या एका गटाला औषधी गुण नसलेला पदार्थ. कोणाला काय मिळते आहे, हे रुग्णांना व तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही गटांच्या बौद्धिक क्षमतेत लक्षणीय फरक नव्हता. मेंदूतील ग्लायसिन वाढविणारे आयक्लेपर्टिन हे औषधही जानेवारी २०२५ मध्ये अशाच मोठ्या चाचण्यांत अपयशी ठरले.

निरोगी माणसाला अमिनो आम्ले रोजच्या ताटातूनच मिळतात. ज्वारीत लायसिन कमी असते. ते तुरीच्या वरणात भरपूर असते. ग्लायसिन तर शरीर स्वतःही तयार करते. रुग्णासाठी मात्र डॉक्टरांनी दिलेली औषधे नियमित हवीत. स्मृतीचा पद्धतशीर सराव करून घेण्याचा काही रुग्णांना उपयोग झालेला आहे. नांदेड व लातूर येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

विद्यार्थी मित्रांनो, यापुढे असा डबा हाती आला तर तीन प्रश्न विचारा: प्रयोग किती जणांवर केला? तुलना कोणाशी केली? फरक किती पडला? उत्तर मिळाले नाही, तर डबा खुशाल दुकानातच राहू द्यावा.