उलव्यात भाड्यासाठी घर घेताय? आधी भाडं मोजा

उलवे, बामणडोंगरी, खारकोपर, द्रोणागिरी या पट्ट्यात दुसरं घर घेण्याची सध्या मोठी लगबग आहे. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी ते न्हावा शेवा या अटल सेतूचं उद्घाटन झालं. खारकोपरला संपणारी लोकलही त्याच दिवशी उरणपर्यंत नेण्यात आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून प्रवासी विमानं उडू लागली. खाडीकाठच्या या खारजमिनीवर आता सोळा-सोळा मजली इमारती उभ्या आहेत, आणि ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक इथून माणसं फ्लॅट बघायला येतात. त्यातल्या बऱ्याच जणांना तिथे राहायचं नसतं. घर घ्यायचं, भाड्याने द्यायचं, भाड्यातून हप्ता भागवायचा आणि दहा वर्षांनी दुप्पट भावाने विकायचं, असा त्यांचा हिशेब असतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. निवृत्तीचा फंड, गावची जमीन विकून आलेली रक्कम किंवा परदेशातल्या मुलाने पाठवलेले पैसे घेऊन जे या बाजारात उतरतात, त्यांना मला कळकळीने सांगायचं आहे की विमानतळ आणि पूल बघून घर घेऊ नका. त्या घराला आज, या महिन्यात, प्रत्यक्ष किती भाडं मिळतं ते बघा आणि त्यावर निर्णय घ्या.

असं का म्हणतो? या विमानतळाला केंद्र सरकारची तत्त्वतः मान्यता २००७ मध्ये मिळाली. भूमिपूजन झालं २०१८ मध्ये आणि विमान उडालं २०२५ च्या शेवटी. मधल्या अठरा वर्षांत ‘विमानतळ येतोय’ या एका वाक्यावर तिथे हजारो फ्लॅट विकले गेले. वीस वर्षांचं कर्ज काढणाऱ्या माणसासाठी अठरा वर्षं म्हणजे जवळजवळ संपूर्ण कर्जाचा काळ. एवढी वाट बघताना माणसाला तगवतं ते महिन्याचं भाडं. मोठे प्रकल्प होतात, पण तुमच्या हप्त्याच्या तारखा बघून होत नाहीत. आणि आता विमानतळ सुरू झाल्यावर जो भाव सांगितला जातो, त्यात विमानतळ आधीच मोजलेला असतो. त्याचे पैसे तुम्ही विकणाऱ्याला देत असता.

एक उदाहरण मांडून बघू. आकडे कल्पित आहेत. तुमचे खरे आकडे त्यांच्या जागी घाला. ८० लाखांचा फ्लॅट, २० लाख स्वतःचे, ६० लाख कर्ज, व्याज साडेआठ टक्के, मुदत २० वर्षं. हप्ता येतो महिना सुमारे ५२ हजार. भाडं १८ हजार मिळतं असं धरा. म्हणजे दर महिन्याला ३४ हजार रुपये खिशातून. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर, दलाली, भाडेकरू बदलताना रंग आणि नळदुरुस्ती, वर्षाकाठी एखादा महिना घर रिकामं, हे सगळं अजून बाकीच आहे. ते वजा केलं की वर्षाचं २ लाख १६ हजारांचं भाडं दीड लाखाच्या खाली येतं. ८० लाखांवर दीड लाख म्हणजे दोन टक्केही नाहीत, आणि पहिल्या वर्षी बँकेला नुसतं व्याजच पाच लाखांच्या घरात जातं. मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि दलाली तर घर घेतानाच गेलेली. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत जीएसटीही लागतो. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळालेल्या घरावर तो लागत नाही.

भाव वाढतील आणि सगळं भरून निघेल, हे उत्तर मला नेहमी ऐकू येतं. वाढतीलही. पण विकायच्या वेळी तुमच्यासारखेच शेकडो गुंतवणूकदार त्याच सेक्टरमध्ये विकायला उभे असतील, आणि शेजारी बिल्डरच्या नव्या इमारतीही असतील. फ्लॅट सोन्यासारखा दुपारी विकून संध्याकाळी पैसे हातात येत नाहीत.

कराचा मुद्दा एजंट हमखास पुढे करतात. भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला मालमत्ता कर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, कर्जाचं व्याजही वजा होतं, हे खरं. पण नव्या करप्रणालीत घराचा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा करता येत नाही. जुन्या प्रणालीतही त्याला वर्षाला २ लाखांची मर्यादा आहे. बहुतेक पगारदार आता नव्या प्रणालीत गेले आहेत. तेव्हा ‘कर वाचतो’ या भरवशावर कुणी सही करू नये. मालक अनिवासी भारतीय असेल, तर भाडेकरूला भाड्यातून ३० टक्के आणि वर उपकर असा कर कापून भरावा लागतो. मुलाच्या नावावर घर घेणाऱ्या आईवडिलांना हे बहुधा पहिला भाडेकरू आल्यावर कळतं.

खरं भाडं कळावं कसं? विकणाऱ्याला विचारू नका. दुसऱ्या एजंटकडे भाडेकरू म्हणून जा आणि त्याच इमारतीत घर मागा. मग रात्री साडेआठला त्या इमारतीसमोर उभे राहा आणि किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. अर्धी इमारत अंधारात असेल, तर तुमच्यासारखे मालक आधीच भाडेकरू शोधत बसले आहेत. खरेदीचे खरे भाव बघायचे असतील तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू शोधा. त्याच इमारतीतले व्यवहार कितीला नोंदले गेले ते तिथे दिसतं.

भाडेकरू कोण असेल, याचाही नीट विचार करा. विमानतळावर वैमानिकांपेक्षा सामान हाताळणारे, सफाई करणारे, सुरक्षारक्षक आणि काउंटरवर बसणारी तरुण मुलं-मुली कितीतरी जास्त असतात. न्हावा शेवाच्या बंदरात कंटेनर यार्डचे कर्मचारी, ट्रान्सपोर्टचे कारकून. त्यांच्या पगारात बसणारं घर पटकन जातं. स्वीमिंग पूल आणि क्लबहाऊसचा मेंटेनन्स त्यांना परवडत नाही. अटल सेतूवरून रोज मोटारीने दक्षिण मुंबईत जाणारा भाडेकरू मिळेल ही अपेक्षाही तपासून बघा. सुरुवातीपासूनच मोटारीला एका फेरीचा टोल २५० रुपये आणि जाऊन-येऊन ३७५ आहे. महिन्याचे कामाचे दिवस गुणा, आणि एवढा टोल भरणारा माणूस घर कुठे घेईल ते ठरवा. स्टेशनला चालत जाता येईल असं साधं वन-बीएचके इथे भाड्याला सगळ्यांत सोपं, असं माझं मत आहे.

आता जमीन. नवी मुंबईतली जमीन सिडकोची आणि ती भाडेपट्ट्याने दिलेली, हे लक्षात ठेवूनच कागद बघावे लागतात. पुनर्विक्रीच्या फ्लॅटला सिडकोची हस्तांतरणाची परवानगी आणि शुल्क लागतं का, ते कोण भरणार, हे टोकन देण्याआधी लिहून घ्या. उलव्यातल्या पुष्कळ इमारती ‘साडेबारा टक्के’ भूखंडांवर आहेत. त्यामागचा इतिहास प्रत्येक खरेदीदाराला माहीत असावा. नवी मुंबईसाठी आणि बंदरासाठी इथल्या आगरी-कोळी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात आंदोलन झालं, गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्यातून, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतक्या विकसित भूखंडाचा हा हक्क प्रकल्पग्रस्तांना मिळाला. आज ज्या भूखंडावर तुमचा फ्लॅट आहे, तो असा मिळालेला आहे.

खरेदीदाराच्या दृष्टीने यात बघायचं ते हे की भूखंड शेतकऱ्याच्या नावे मिळतो आणि मग सिडको, शेतकरी आणि बिल्डर यांच्यात त्रिपक्षीय करार होतो. एका सातबाऱ्यावर दहा-बारा वारस असतात. एखाद्या बहिणीची किंवा काकाच्या मुलाची सही राहिलेली असते, आणि वाद कोर्टात गेला की इमारत पूर्ण होऊनही ओसी अडकते. म्हणून त्रिपक्षीय कराराची प्रत मागा आणि बिल्डरने नेमलेल्या नव्हे, तुमच्या स्वतःच्या वकिलाकडून सर्च रिपोर्ट घ्या. बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे मालकी हक्क निर्वेध आहे, असं समजू नका. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की पूर्ण करण्याची तारीख, मिळालेली मुदतवाढ आणि चालू खटले दिसतात. नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हा रेरा कायद्याचा नियम आहे. ‘थोडे रोखीत द्या’ असं कुणी म्हटलं तर उठून या. गावठाणालगत निम्म्या भावात मिळणारे, नोटरीच्या कागदावर विकले जाणारे फ्लॅट तर भाड्यासाठी सोडाच, कशासाठीच घेऊ नका. तोडकामाची नोटीस आली की तुमच्या हातात काही राहत नाही.

घर बघायला पावसाळ्यात जा, तेही उधाणाच्या भरतीला. आजूबाजूला खाडी आहे, कांदळवन आहे, मोठा भराव झालेला आहे. विमानतळाच्या भरावानंतर डुंगीसारख्या गावांत पाणी शिरलं, हे इथले लोक सांगतील. गॅलरीचं दार उघडं ठेवून विमानांचा आवाज ऐका. पाणी किती तास येतं आणि टँकरचं बिल महिन्याला किती होतं, हे सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. बंदराकडे जाणाऱ्या ट्रेलरच्या रांगेत एकदा सकाळी अडकून बघा. तुमचा भाडेकरू हे सगळं रोज सोसणार आहे, आणि नाही सोसलं तर अकरा महिन्यांनी सोडून जाणार आहे.

भाड्याने देतानाची एक चूक मला फार जाचते, ती म्हणजे कराराची नोंदणी टाळणं. अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. नोंदणी असेल तर मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याविरुद्ध सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि दुप्पट दराने भरपाई मागता येते. खर्च किती? १८ हजार भाडं, ५४ हजार डिपॉझिट, अकरा महिने, अशा कराराला पाव टक्क्याच्या दराने मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि महापालिका हद्दीत १,०००. एवढ्यासाठी ८० लाखांची वस्तू धोक्यात घालू नये. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहितीही त्याच आठवड्यात द्या.

सोसायटीने भाडेकरू ठेवला म्हणून भरमसाट आकार लावला, तर तो देऊ नका. ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत.

भाडेकरूशी माणसासारखं वागा. त्याचं डिपॉझिट वेगळ्या खात्यात ठेवा आणि घर सोडायच्या दिवशीच परत करा. घर देतानाचे फोटो दोघांकडे असले की भिंतीवरच्या खिळ्यांवरून भांडण होत नाही. वेळेवर भाडं देणारा, घर नीट ठेवणारा भाडेकरू दोन हजार रुपये वाढवून घालवू नका. एक महिना घर रिकामं राहिलं की त्या वाढीतले नऊ महिने गेले. आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. मासळीवर जगलेल्या गावांच्या जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतींत ‘मांसाहारी नको’, ‘एकट्या मुली नकोत’, ‘अमक्या धर्माचे नकोत’ अशा अटी घातल्या जातात. हे अन्यायाचं आहे. विमानतळावर रात्रपाळी करणाऱ्या मुलीला घर नाकारून तुम्ही एक चांगला भाडेकरू गमावता आणि तिला वणवण करायला लावता. सोसायटीच्या सभेत अशा ठरावाला उभं राहून विरोध करा.

ज्यांच्याकडे पगार चालू आहे, दुसरी बचत आहे आणि पंधरा वर्षं थांबायची तयारी आहे, त्यांनी ओसी मिळालेलं, स्टेशनजवळचं, स्वच्छ कागदांचं छोटं घर जरूर घ्यावं. या भागाला पुढे मागणी राहील असं मलाही वाटतं. पण निवृत्त माणसाने फंडाची सगळी रक्कम घालून, वर मुलाच्या नावावर कर्ज काढून इथे भाड्यासाठी घर घेऊ नये. घेणार असाल तर टोकनचा चेक लिहिण्याआधी त्रिपक्षीय करार, ओसी आणि शेजारच्या फ्लॅटचा नोंदणीकृत भाडेकरार, हे तीन कागद हातात घेऊन वाचा. ते मिळेपर्यंत चेक लिहू नका.