पाचगावचा नकार

वनमहोत्सवाच्या निमित्ताने जिल्ह्याच्या ठिकाणी भरलेल्या एका परिसंवादास या आठवड्यात मी हजर होतो, आणि तेथे वन खात्याच्या एका निवृत्त वरिष्ठ अंमलदारांनी, पुष्पगुच्छाऐवजी कुंडीतले रोपटे स्वीकारून झाल्यावर, रानालगतच्या गावकऱ्यांना ‘वनांचे महत्त्व पटवून देण्याची’ जी निकड सुमारे पाऊण तास प्रतिपादन केली, ती ऐकून माझ्या मनाचा जो संताप झाला त्याचा निचरा व्हावा एवढ्याच हेतूने आजचा मजकूर लिहीत आहे. व्यासपीठावर सात खुर्च्या होत्या, आणि त्यांपैकी एकीवरही रानालगतचा मनुष्य नव्हता. श्रोत्यांत मात्र असे दोघे होते. खात्याच्या जीपगाडीतून आणून त्यांना पुढच्या रांगेत बसविले होते, आणि ज्या रानात त्यांच्या आज्या-पणज्या टेंभरे, म्हणजे तेंदूची फळे, वेचीत आल्या त्या रानाचे महत्त्व ते अत्यंत सभ्यपणे ऐकून घेत होते.

वनमहोत्सवाविषयी मी दरवर्षी लिहितो, आणि दरवर्षी काही वाचक मला वृक्षद्वेष्टा ठरवितात. तेव्हा या खेपेस थोडक्यात आटोपतो. हा उत्सव 1950 साली कन्हैयालाल मुन्शी यांनी सुरू केला. ते त्या वेळी केंद्रात अन्न व कृषी खात्याचे मंत्री होते, पण त्याआधी आणि त्याहून अधिक ते कादंबरीकार होते. आणि ज्या उपक्रमाचा जनक कादंबरीकार, त्याच्या अहवालांत पुढील पिढ्यांना कल्पनाशक्तीचा विलास आढळावा, यात नवल ते काय? आपल्या राज्यात 2016 साली दोन कोटी, 2017 साली चार, 2018 साली तेरा आणि 2019 साली तेहतीस कोटी रोपांचे संकल्प सोडले गेले, आणि पुढे त्या तेहतीस कोटींची चौकशी करण्यासाठी विधिमंडळ सदस्यांची समितीही नेमली गेली. तेहतीस कोटी ही संख्या आपल्याकडे देवांसाठी राखून ठेवलेली आहे, आणि देवांप्रमाणेच या रोपांचेही अस्तित्व श्रद्धेचा विषय असावा, असे दिसते. परिसंवादाच्या शेवटी वाटलेली रोपे गुलमोहराची होती. त्या झाडाविषयीचे माझे मत वाचकांस पाठ झालेले असल्यामुळे ते पुन्हा उगाळीत नाही. मादागास्करहून आलेल्या त्या लालभडक वृक्षाखाली मराठीत जितकी वाईट कविता निपजली तितकी आपल्या पळसाखाली निपजली नाही, हा माझा सिद्धांत पुराव्याअभावी पंगू असला तरी मी तो सोडणार नाही, एवढेच नमूद करतो.

मूळ मुद्दा असा की, रानाचे महत्त्व कोणास ठाऊक आहे आणि कोणास नाही, याचा निवाडा भाषणावरून होऊ शकत नाही. तो होतो रानातून मिळणारा पैसा समोर येऊन उभा राहिला असता कोण कसा वागतो यावरून. आणि या कसोटीस उतरलेले एक उदाहरण आपल्याच राज्यात, त्या सभागृहापासून काही तासांच्या वाटेवर असताना, त्याचा उच्चारही तेथे होऊ नये, हे मला विशेष झोंबले.

मेंढा (लेखा) विषयी मी बोलत नाही. धानोरा तालुक्यातील त्या गोंडी गावास 2009 साली सुमारे अठराशे हेक्टर रानावर सामूहिक हक्क कसा मिळाला, 2006 च्या वनहक्क कायद्यात बांबूस नाव घेऊन गौण वनोपज म्हटलेले असताना वन खाते 1927 च्या वन कायद्यावर बोट ठेवून त्याला झाडच समजून त्यावरचा गावाचा हक्क कसा नाकारीत राहिले, आणि अखेरीस 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण या दोघांना त्या चिमुकल्या गावी जाऊन वाहतूक परवान्यांचे एक साधे पुस्तक गावचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती कसे द्यावे लागले, हे सारे या स्तंभात येऊन गेले आहे. मेंढ्याने हक्क मिळविला. त्याचे श्रेय त्याचेच. पण हक्क हाती आल्यावर माणूस काय करतो, हे पाहावयाचे तर चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात, पाचगाव नावाच्या लहानशा वस्तीत जावे लागते.

पाचगावास हा हक्क 2012 साली मिळाला. क्षेत्र हजार हेक्टरांच्या आसपास. घरे साठेकच, आणि त्यांतील बहुतेक मजुरीवर जगणारी. अशा गावाच्या हाती मुखत्यारी आल्यावर पहिल्या काही ठरावांतच त्याने जो निर्णय घेतला तो असा, की आपल्या रानात तेंदूपानाची तोड करावयाची नाही. ज्यांना विदर्भाच्या पूर्वभागाची माहिती नाही त्यांना या वाक्याचे वजन कळणार नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. वैशाख-ज्येष्ठात, शेतात काम नसते आणि घरात धान्य सरत आलेले असते अशा वेळी, रोख पैसा देणारा त्या मुलखातला हुकमी धंदा म्हणजे तेंदूची पाने तोडणे, पहाटे रानात जाणे, दुपारी पुडके बांधणे आणि संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून देणे. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सारे घर त्यात गुंतते. हा पैसा नाकारणे म्हणजे पुण्यामुंबईच्या मनुष्याने वर्षातील दीड महिन्याचा पगार आपण होऊन सोडून देणे होय. आणि तो कोणी सोडला असल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

नाकारला का, तर त्याची कारणे वनशास्त्राच्या पदवीवाचून समजण्याजोगी आहेत. तेंदू हा वाढू दिला तर चांगला मोठा होणारा वृक्ष. त्याची टेंभरे माणसे खातात, अस्वले खातात, पाखरे खातात. पण विडीस हवे असते कोवळे, मऊ आणि रुंद पान, आणि तसे पान मोठ्या झाडावर मिळत नाही, ते छाटलेल्या खुंटावर फुटणाऱ्या धुमाऱ्यांवर मिळते. म्हणून हंगामापूर्वी झुडपे छाटावयाची, आणि छाटण्याची मेहनत चुकवावयाची असेल तर खालचा पाचोळा पेटवून द्यावयाचा, की जमिनीलगतचे सारे काही जळून जाते आणि तेंदू तेवढा मुळांतून पुन्हा फुटतो. जळणाऱ्या ‘साऱ्या काही’त मोह-चारोळीची रोपे असतात, पक्ष्यांची घरटी असतात, औषधी वनस्पती असतात. राखीव रानात आग लावणे कायद्याने गुन्हा आहे खरा. पण ज्या धंद्यात आगीने नफा वाढतो त्या धंद्यात ती आग कोणी लावली याचा तपास क्वचितच लागतो. पाचगावच्या ग्रामसभेने हा सारा हिशेब मांडला, त्यात विडीने होणाऱ्या रोगांचीही भर घातली, आणि तोड बंद केली. पूर्वी जी झुडपे दरसाल खुंटली जात ती आता झाडे होऊन त्यांना टेंभरे धरू लागली.

आता याच्या शेजारी सरकारी वहिवाट ठेवून पाहा. 1969 च्या कायद्याने तेंदूपानाचा व्यापार राज्य सरकारने आपल्या ताब्यात घेतला. रानाचे विभाग पाडले, प्रत्येकाचा लिलाव पुकारला, मक्तेदाराकडून बयाणा घेतला, प्रमाण गोणीचे दर ठरविले, आणि या सर्व व्यवहाराचे दप्तर अतिशय नीटनेटके ठेवले. त्या दप्तरात महसुलाचा आकडा पैशापर्यंत बिनचूक आढळेल. ज्या खात्याच्या नावातच वन आहे, ज्याच्याजवळ वनशास्त्र शिकलेले अधिकारी आहेत आणि ज्याच्या पगारपत्रकावर तेंदूच्या उत्पन्नाने एका दिवसाचाही फरक पडत नाही, त्या खात्याने, व्याघ्र प्रकल्पांची गाभाक्षेत्रे सोडली तर, रानाची झुडपे वाढावीत म्हणून अमुक विभागाचा लिलाव यंदा रद्द केला आहे, असा हुकूम काढल्याचे माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणजे ज्यास पोटाची चिंता होती त्याने पैसा सोडला, आणि ज्यास ती नव्हती त्याने लिलाव चालू ठेवला; आणि परिसंवादात मात्र दुसऱ्याने पहिल्यास वनांचे महत्त्व सांगितले!

यावर त्या दिवशी चहाच्या वेळी एका प्राध्यापकांनी मला हटकले, की पाचगावास बांबूची मिळकत सुरू झाली म्हणून तेंदूवर पाणी सोडणे परवडले. अगदी खरे आहे. पण बांबू तरी त्यांचा केव्हा झाला? कायद्याने हक्क दिल्यावर ना! त्याआधी चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांतील बांबू कागदाच्या गिरणीस मक्त्याने जात होता, आणि तोच बांबू तोडून द्यावयाची मजुरी तेवढी गावकऱ्यांच्या वाट्यास येत होती. भाडेकरू कौले शाकारीत नाही. त्याला घराचे महत्त्व कळत नसते म्हणून नव्हे, तर पुढचा पावसाळा आपण येथे काढणार की नाही याची त्याला शाश्वती नसते म्हणून. विदर्भाच्या जुन्या महसुली कागदांत गावाच्या निस्ताराची नोंद असे, आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे अद्याप सन्मानाने नांदत आहेत. जळण, काटे, गवत, औतास लागणारे लाकूड यांची तीत तजवीज आहे. पण निस्तार म्हणजे घेण्याची मुभा. ‘हे आम्ही घेणार नाही, आणि दुसऱ्यासही घेऊ देणार नाही,’ असे म्हणण्याची मुखत्यारी तीत कोठेच नव्हती. ती प्रथम आली 2006 च्या कायद्याच्या पाचव्या कलमाने, आणि म्हणून मी त्या एका कलमास सर्व वनमहोत्सवांहून अधिक किंमत देतो.

ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी 2013 साली बॉक्साइटच्या खाणीस जो नकार दिला तो जगभर गाजला, आणि गाजावयासच हवा होता. तथापि तो नकार परक्यास होता. पाचगावचा नकार स्वतःस आहे, आणि तो दर उन्हाळ्यात, शेजारच्या गावांत फळ्या भरलेल्या दिसत असताना, पुन्हा नव्याने द्यावा लागतो. ही गोष्ट मला अधिक अवघड वाटते. आपल्या रानाचा एक तुकडा त्यांनी काहीच न तोडण्यासाठी म्हणून वेगळा राखला आहे, ही बाब तर कोकणातील देवराया ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना नव्याने सांगावयास नको. रान राखणाऱ्या गावांत धुळे जिल्ह्यातील बारीपाड्याचे नावही येथे घ्यावयास हवे, जेथील चैत्राम पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. पण त्या गावाविषयी स्वतंत्रपणे लिहावयाचे आहे.

गावकऱ्यांना ज्ञान कमी आणि खात्यास अधिक, या समजुतीस छेद देणारा एक दाखला परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पन्नास वर्षांपूर्वीच देऊन ठेवला आहे. कारवारच्या बाजूस बांबू का खालावतो याचा शोध त्यांच्याकडे सोपविला गेला, तेव्हा त्यांना असे आढळले, की बांबूच्या बेटांभोवती जे काटेरी वेष्टण असते ते ‘साफसफाई’च्या नावाखाली काढून टाकल्यामुळे कोवळे कोंब गुराढोरांच्या व वन्य प्राण्यांच्या तोंडी जात होते. गावकरी ते काटे राखीत, कारण कोंब का वाचतात हे त्यांना ठाऊक होते. बेट स्वच्छ करण्याचा हुकूम मात्र वरून आला होता.

हक्क मिळाला की रान आपोआप राखले जाते, असा भाबडेपणा मी करीत नाही. गडचिरोलीत हजारांहून अधिक गावांजवळ आज अशी हक्कपत्रे आहेत, आणि त्यांतील पुष्कळ ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतःच करतात. मक्तेदार तेथे कबुलायत लिहून देतो, पाने उचलतो आणि पैसे थकवितो, मग ग्रामसभेचे लोक तालुक्याच्या कचेरीत खेटे घालतात. हिशेब ठेवणे, निविदा वाचणे, मक्तेदाराची पत तपासणे या गोष्टी शिकविणारा कोणी त्यांना हवा आहे, आणि निवृत्त अंमलदारांना समाजसेवेची हौसच असेल तर हे काम त्यांच्यासाठी मोकळे पडले आहे. ते सभागृहात बसून होण्यासारखे नाही, आणि त्यास पुष्पगुच्छही मिळत नाही. त्यामुळे अर्जांची गर्दी होईल असे वाटत नाही.

कोथरूडच्या एका वाचकांनी मला विचारले आहे, की या सर्वांत शहरातल्या माणसाने काय करावे. टेकडीवर झाडे लावण्यास आपण दर रविवारी जातो, असेही ते लिहितात. त्यांचा हेतू थोर आहे, आणि रोपे गुलमोहराची नसतील तर माझी हरकतही नाही. पण त्यांच्या लक्षात आणून देणे अवश्य आहे, की ज्या टेकडीवर ते झाडे लावतात तिच्यावरून उद्या रस्ता न्यावयाचे ठरले तर पाचगावच्या ग्रामसभेस जो अधिकार आहे तो त्यांना नाही. त्यांना फक्त विहित मुदतीत, विहित नमुन्यात, योग्य त्या कचेरीकडे हरकत नोंदविता येईल, आणि ती ऐकून घेतल्याची पोच मिळेल.