जुन्या मोटारीतील कुबट वास

गेल्या सप्टेंबराच्या अखेरीस ग्वाल्हेरला जाण्याचा योग आला. लष्कर भागात एका मराठी कुटुंबाच्या वाड्यात आमचा मुक्काम होता. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास येथे छावणी दिली, म्हणून या वस्तीस लष्कर हे नाव पडले. त्या छावणीच्या मागोमाग आलेली मराठी घराणी अद्याप तेथे नांदत आहेत. वाड्याच्या मागील पडवीत एक जुनी अँबॅसडर मोटार उभी होती. यजमानांचे वडील वारल्यापासून तीन पावसाळे ती जागची हलली नव्हती. दार उघडताच कुबट वासाचा असा भपका आला की, आम्ही नाकास रुमाल लावला.

"भंगारात देऊन टाकतो झाले," यजमान म्हणाले. "आईला आत बसविले की पाच मिनिटांत धाप लागते." काकूंना दम्याचा विकार आहे. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु पदराने दाराची मूठ पुसून त्या आत गेल्या, हे आमच्या नजरेतून सुटले नाही.

वासावर अत्तर शिंपडणे हा उपाय नव्हे. कुबट वास म्हणजे बुरशीचा श्वासच म्हणावयाचा. ओल जेथे टिकते तेथे बुरशी धरते, आणि तिचे सूक्ष्म बीजाणू हवेत उडून दमेकऱ्याची छाती भरून आणतात. म्हणून पहिला प्रश्न वासाचा नसून पाण्याचा असतो: ते शिरते कोठून?

हे शोधण्यास यंत्र लागत नाही. यजमान टॉर्च घेऊन आत बसले आणि आम्ही बाहेरून लोट्यालोट्याने पाणी ओतू लागलो. छतावर काही नाही, मागील काचेवर काही नाही, पुढील काचेच्या डाव्या कोपऱ्याशी येताच आतून हाक आली, "थांबा, थांबा!" काचेभोवतालचे रबर वाळून चिरले होते. तेथून पाणी गुपचूप खाली उतरून पायाखालच्या तागाच्या नमद्यात मुरत होते. वरचे रबरी पायपुसणे कोरडे ठणठणीत, आणि खालचा नमदा पिळला तर पाणी गळावे असा! दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यास छिद्रे असतात, तीही मातीने बुजली होती. ती तारेने मोकळी केली. रबर मिस्त्रीकडून बदलून घेतले. हे आधी केले नसते, तर पुढील सारी मेहनत पाण्यातच गेली असती.

नमदा टाकूनच दिला. कुजलेला ताग धुऊन सुधारत नाही. पत्र्यावरील गंज घासून रंग दिला. नाकातोंडावर फडके बांधून, रेक्झिनची आसने आणि आतील पत्रा निम्मे पाणी व निम्मा पांढरा सिरका यांच्या मिश्रणाने पुसला. येथे एक इशारा: सिरका आणि कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच ही कधीही एकत्र करू नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. कापडी भागांवर खायचा सोडा पसरून रात्रभर ठेवला व सकाळी झाडून काढला. मग आसने बाहेर काढून आठ दिवस उन्हात.

पुष्कळ घरी अशा वेळी डांबराच्या गोळ्या टाकतात. कृपा करून टाकू नका. नॅफ्थलीनच्या वाफेने काही तान्ह्या मुलांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात, आणि बंद मोटारीत ती वाफ कोंडून राहते. कोळशाची पुरचुंडी ठेवावी; ती निरुपद्रवी आहे, मात्र फार आशा बाळगू नये. वास पेट्रोलचा वा धुराचा असेल, तर सोडा-सिरका बाजूस ठेवून गाडी तडक मिस्त्रीकडे न्यावी.

ग्वाल्हेरला मोटारीचे वेड जुनेच. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची कसोटी झाली. तीत उतरलेली 'पर्ल ऑफ द ईस्ट' ही रोल्स-रॉइस ग्वाल्हेरच्या महाराजांनी विकत घेतली. त्या काळच्या अशा गाड्यांचा सांगाडा लाकडी, आसने कातड्याची, आत घोड्याचे केस आणि खाली लोकरी गालिचे. यांतील प्रत्येक वस्तू ओल पिते. अशा गाडीस सिरका लावू नये आणि कडक ऊनही दाखवू नये, कातडे तडकते. सावलीतील वारा व धीर एवढेच तिचे औषध. आमच्या वसईकडे इतका मान कोणत्या मोटारीला मिळणार? आपल्याकडे जुनी फियाटच बहुधा आढळेल, आणि तिला वरील अँबॅसडरचेच उपाय लागू पडतात. फरक हवेचा. ग्वाल्हेरचे ऊन आठ दिवसांत करते ते काम आपल्या दमट किनाऱ्यावर पावसाळा सरल्यावाचून होत नाही. भर पावसात काचा उघड्या ठेवल्याने गाडी वाळत नाही, उलट ओल आत घेते. झाकणही प्लास्टिकचे नको. त्याखाली घाम धरतो. सुती खोळ बरी.

नवव्या दिवशी आसने परत बसविली. यजमानांनी गाडी सुरू करून फाटकापर्यंत आणली. काकू मागे बसल्या. पाच मिनिटे झाली, दहा झाली. धाप लागली नाही. भंगारवाल्यास नाही म्हणून निरोप गेला.

उतरताना मात्र त्या थोड्या थबकल्या. "कुबट वास गेला हो," त्या म्हणाल्या, "पण त्याबरोबर ह्यांच्या तपकिरीचाही गेला." आसनाखाली सापडलेली पितळी डबी आम्ही फडताळात ठेवली होती. यजमानांनी ती आणून त्यांच्या हाती दिली. झाकण घट्ट बसले होते. ते कोणी उघडले नाही.