पाठीत स्क्रू घालण्याआधी हिशेब मागा



वाकून निंदण, ओटी बांधून वेचणी, पाठीवर पंधरा-वीस लिटरचा पंप. आपली कंबर दुखते यात नवल नाही. पण शहरात एमआरआय निघतो, ‘गादी सरकली’ असा शेरा येतो, मणके स्क्रू-सळ्यांनी जोडायचे ठरते आणि घरात पहिला विषय निघतो तो एकर विकण्याचा. आम्ही शेतीशास्त्र शिकलो, डॉक्टरकी नाही. पण खर्च-उत्पन्नाचा हिशेब आम्हाला कळतो आणि तो इथे मांडलाच पाहिजे.

कपाशीवर एक अळी दिसली म्हणून फवारू नका, आर्थिक नुकसानीची पातळी पाहा, असे आम्ही सभांतून सांगत आलो. दुकानदाराचे ऐकून ज्यांनी फवारले, ते कर्जात गेले. एमआरआयचेही तसेच आहे. १९९४ साली अमेरिकेत पाठ न दुखणाऱ्या ९८ लोकांच्या एमआरआयचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ५२ टक्के लोकांची एखादी तरी गादी फुगलेली निघाली! फोटोत दिसली तीच दुखण्याचे मूळ, असे नसते.

आता जमेची बाजू. मणका मोडून अस्थिर झाला, क्षयाने पोखरला, घसरून नस दाबू लागला, तर हे ऑपरेशन माणसाला उभे करू शकते. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये ते सुरू झाले तेही क्षयाच्या मणक्यांसाठी. ‘मणक्याला हात लावला की माणूस लुळा’ ही गावगप्प आम्हाला मान्य नाही.

पण नुसत्या जुनाट कंबरदुखीचे काय? स्वीडनच्या २००१ च्या चाचणीत ऑपरेशन नेहमीच्या उपचारांपेक्षा सरस ठरले, हे खरे. मात्र ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांत त्याची तुलना शिस्तीने करून घेतलेल्या व्यायामाशी केली, तेव्हा (२००५) ऑपरेशन स्पष्टपणे सरस असल्याचे दिसले नाही. इंग्लंडच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की संशोधनाची चाचणी सोडून निव्वळ कंबरदुखीसाठी मणके जोडू नयेत.

खर्चाच्या रकान्यात लिहा: जंतुसंसर्ग, नसेला इजा, हाड न जुळणे, शेजारचे मणके झिजणे, पुन्हा ऑपरेशन. विडी-तंबाखू चालू असेल तर हाड जुळणे आणखी अवघड. हाड पक्के व्हायला सहा महिने ते वर्ष, म्हणजे एक खरीप हातचा गेला. तो कोणत्याही बिलात दिसत नाही.

म्हणून विचारा. कोणता मणका, आणि कशासाठी? नस खरेच दाबली आहे का? नुसती नस मोकळी करून भागेल का? काही महिने नीट व्यायाम करून पाहिला तर बिघडते काय? जो ऑपरेशन करणार, त्याचाच सल्ला शेवटचा मानू नका. दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.

मात्र पायातली ताकद जाऊ लागली, लघवी अडली, जांघा बधिर झाल्या, तर हिशेब करत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट हवा, असा ठराव या जिल्हा बैठकीत मांडू. आणि संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी हिशेब मागू. पाठ आपली आहे, विकायला निघालेला एकरही आपलाच आहे.