कुंडीतली बाग

जबलपुरास बदलून आलेल्या मराठी माणसास, सामान उतरवून होते न होते तोच जे उपदेश फुकट मिळतात, त्यांत एक बागेविषयीचा असतो. "गमले में लगाइये साहब, ट्रक में चढ़ जायेगा." आम्हांस तो शेजारच्या गृहस्थांनी पहिल्याच रविवारी केला. त्यांच्या व्हरांड्यात तेव्हा एकेचाळीस कुंड्या होत्या. (आम्ही त्या मोजल्या, हिशेबात आयुष्य घालविणाऱ्याची ती खोड असते.) व्हरांड्यापुढची तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद काळी जमीन मात्र त्यांनी गाजरगवतास आंदण देऊन टाकली होती. तणांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहरात गाजरगवताने सरकारी घरांच्या आवारांत इतके निर्धास्त असावे, याची आम्हांस त्या वेळी मौज वाटली. पुढे लक्षात आले की गाजरगवत हे येथे कारण नव्हे, परिणाम आहे. बदलीवाल्याने जमिनीत काही लावू नये असा एक अलिखित नियम आम्हा लोकांत रूढ झाला आहे, आणि जी जमीन कोणीच आपली मानीत नाही तिच्यात दुसरे काय उगवणार?

त्या नियमाविरुद्ध आमची तक्रार आहे. ती मांडताना काही स्नेह्यांचा रोष ओढवेल हे जाणूनच आम्ही लेखणी उचलली आहे.

प्रथम एक खुलासा. जे तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि ज्यांच्या वाट्यास चार फुटांची गॅलरी आली आहे, त्यांच्या कुंड्यांस आमचा नमस्कार असो. आमचा वाद आहे तो ज्यांना अंगण मिळाले आहे आणि तरीही ज्यांची बाग सिमेंटच्या गोलात राहते त्यांच्याशी. अलीकडे त्यांना 'दुर्मिळ' झाडांचे वेड लागले आहे. पूर्वी निवडुंग आणि मनीप्लांट यांवर भागत असे. आता पानांवर पांढरे डाग असलेला मॉन्स्टेरा हवा, फुगीर बुंध्याचा अॅडेनियम हवा, तबकात बसविलेला पिंपळाचा बोन्साय हवा. पाहुणा आला की चहापूर्वी झाडाची किंमत सांगितली जाते. नाव त्यानंतर, तेही आठवले तर.

अॅडेनियमविषयी अन्याय करावयाचा नाही. आफ्रिका-अरबस्तानच्या रखरखाटातले ते झाड. जबलपुरचा मे महिना त्यास माहेरासारखा वाटतो, आणि पावसाळ्यात छपराखाली घेऊन पाणी तोडले तर ते सुखाने जगते. कुंडी हा त्याच्यावर जुलूम नव्हे. परंतु पिंपळ? ज्याचे मूळ भिंत फोडते आणि ज्याच्या सावलीत गावाची पंचायत बसते, त्यास तबकात कोंडून, दर दोन-तीन वर्षांनी त्याची मुळे कातरून, 'पाहा, पंधरा वर्षांचा आहे' असे सांगण्यात कौशल्य असेल. आम्हांस त्यात आमच्याच नोकरीचे चित्र दिसते, आणि ते दिवाणखान्यात मांडण्याची आमची इच्छा नाही.

दुर्मिळाचे हे वेड कोठवर जाते ते या शहराने २०२१ साली पाहिले. जबलपुरजवळच्या एका आमराईत जपानच्या मियाझाकी आंब्याची दोन झाडे फळली, आणि त्यांच्या राखणीस चार रक्षक व सहा कुत्री ठेवली आहेत, अशी बातमी देशभर छापून आली. किलोमागे लाखांच्या गोष्टी झाल्या. आमच्या कचेरीत त्या आठवड्यात टाचण्या कमी आणि आंबे जास्त चर्चिले गेले. मालकाने झाडे लावली, जमिनीत लावली आणि जगविली, याबद्दल त्यांचे कौतुकच आहे. आमचा रोख ती बातमी वाचून रोपवाटिकेकडे धावलेल्या मंडळींकडे आहे. त्यांना कोणी सांगितले नाही की मियाझाकी हे आंब्याच्या जातीचे नावच नव्हे. तो जपानमधील एक प्रांत आहे. तेथे पिकतो तो मुख्यत्वे अर्विन जातीचा आंबा, आणि अर्विन जन्मला अमेरिकेत, फ्लोरिडामध्ये. मियाझाकीचे शेतकरी तो काचगृहासारख्या उबदार आवारात वाढवितात, एकेका फळास जाळीची झोळी बांधतात, फळ आपणहून देठ सोडून झोळीत पडेपर्यंत थांबतात. आणि त्यातही वजनाने साडेतीनशे ग्रॅमच्या वर, गोडीने ठराविक मापाच्या वर आणि रंगाने निर्दोष निघेल त्यालाच 'सूर्याचे अंडे' म्हणून बाजारात मिरवितात. म्हणजे किंमत आली कोठून? रोपातून नव्हे, त्या झोळीतून. बियाणे विकत मिळते. झोळी बांधणारा हात आणि वाट पाहण्याची तयारी विकत मिळत नाही. आमच्या ओळखीच्या दोघांनी ती रोपे आणली, दोघांनीही कुंडीत लावली. एकाचे पहिल्याच उन्हाळ्यात गेले. दुसऱ्याचे आहे, पण ते आंब्याचे आहे एवढेच त्याच्याविषयी खात्रीने सांगता येते.

आता दुसऱ्यांची उणी काढून झाली, तेव्हा आमचेही सांगितले पाहिजे. मागच्या नेमणुकीच्या गावी आम्ही सीतेचा अशोक लावला होता. कुंपणाशी सैनिकांसारखा ताठ उभा राहतो तो नव्हे; जुन्या फांदीवरच शेंदरी फुलांचे गुच्छ धरणारा, खरा अशोक. रोप लहान असताना त्यास सावली लागते म्हणून आम्ही दोन वर्षे त्याच्यावर गवताचे छप्पर धरले. पाचव्या वर्षी फेब्रुवारीत पहिला गुच्छ आला आणि एप्रिलअखेर बदलीचा हुकूम आला. तेव्हा आमच्या मनात जे आले ते आज लिहिताना शरम वाटते. हे झाड आपले आहे, ते मागून येणाऱ्यास का द्यावे? पाच वर्षे वाढलेले झाड हलवावयाचे तर आधीच्या हंगामात एका बाजूने चर खणून मुळे तोडावी लागतात, मग दुसऱ्या बाजूने. नवी बारीक मुळे बुंध्याजवळ फुटू द्यावी लागतात, आणि मग पावसाच्या तोंडाशी ते उचलावे लागते. हे आम्ही वाचलेले होते. हाती दिवस होते अकरा. मे महिन्यात आम्ही ते उपटले, गोणपाटात बांधले, ट्रकात कपाटामागे उभे केले. जबलपुरास पारा चव्वेचाळीसला होता. इथली काळी माती उन्हात भेगाळते आणि पाणी घातले की चिखल होऊन ते धरून ठेवते. आम्ही काळजीने दिवसातून दोनदा पाणी घालून उरलीसुरली मुळेही कुजविली. ऑगस्टमध्ये सौभाग्यवतींनी न बोलता ते काडके उपटून बंबात घातले. त्या गावच्या अंगणात ते आज दहा-बारा फुटांचे असते आणि कोणा अनोळखी मुलीने त्याची फुले वेचली असती. तिला ती मिळू नयेत एवढ्याचसाठी आम्ही झाड मारले, दुसरा अर्थ त्यास लावता येत नाही.

त्यानंतर आम्ही कुंड्या देऊन टाकल्या आणि महाकोशलच्या रानाकडे पाहू लागलो. असामान्य झाड पाहिजे ना? ते येथे आहे, आणि त्यास विमानाचे भाडे पडत नाही. टेटू घ्या. आपल्या दशमुळांतला हा श्योनाक. त्याच्या शेंगा तलवारीसारख्या, हातभर लांब लोंबतात. फुले रात्री उमलतात, त्यांचा वास माणसास नकोसा आणि वटवाघळांस हवासा. पिकलेली शेंग उकलली की आत कागदी पंखांच्या पातळ बिया, फुंकर मारली तर अंगणभर उडतील. त्याचे लांब देठ गळून बुंध्याशी हाडांच्या ढिगासारखे साचतात. थायलंड आणि लाओसमध्ये याच्या कोवळ्या शेंगा भाजून तिखटाबरोबर खातात. आपण काढ्याच्या पुडीवर नाव वाचतो आणि झाड ओळखत नाही. ताजे बी पावसाच्या सुरुवातीस लावले तर दोन-तीन आठवड्यांत उगवते. एवढे सोपे असामान्य झाड दुसरे नसेल.

किंवा चारोळी. श्रीखंडावर मोजून टाकावी लागते इतकी ती महाग झाली म्हणून आपण हळहळतो, पण तिचे झाड पाहिलेले किती जण आपल्यात आहेत? येथे त्यास 'अचार' म्हणतात. आमच्या चिरंजीवांची पहिल्यांदा अशी समजूत झाली की झाडास लोणचे लागते. उन्हाळ्यात काळसर जांभळी फळे येतात, गर खाऊन आठळी राहते, आणि आठळीचे कवच इतके चिवट की नुसती मातीत टाकली तर पुष्कळ वेळा ती तशीच पडून राहते. ती ताजी असतानाच, कवचास हलकी चीर देऊन, कायम ठेवावयाच्या जागीच लावावी. कारण हिचे सोटमूळ सरळ खोल जाते, आणि ते कुंडीच्या तळाशी गोल फिरू लागले की झाड पुढे जमिनीत घातले तरी बरकत देत नाही. रानात लोक फळ पिकण्याची वाट न पाहता ओरबाडतात, त्यामुळे नवी रोपे दुर्मिळ होत चालली आहेत. दुर्मिळाचे वेडच असेल तर ते येथे लावावे.

काळ्या मातीत ही दोन्ही लावताना आम्ही दोन फूट खड्डा काढून त्यात मुरूम आणि वाळू मिसळतो आणि वर वीतभर उंचवटा करतो, म्हणजे पावसाळ्यात बुंध्याशी पाणी तुंबत नाही. जानेवारीतल्या कडक रात्री पहिली दोन वर्षे पोते पांघरतो. एवढेच शास्त्र. कांडोळही लावावासा वाटतो, इथला कुल्लू, ज्याचे पांढरे खोड चांदण्यात भुतासारखे उभे दिसते. परंतु त्याच्या फळांवरची लव अंगास आग लावते, तेव्हा घरात लहान मुले असतील त्यांनी तो टेकडीवरच पाहावा. रोपांसाठी वणवण नको: पोलीपाथरची राज्य वन संशोधन संस्था १९६३ पासून आणि मंडला रस्त्यावरची उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ पासून याच शहरात झाडांवर काम करीत आहेत. आपल्यापैकी कितीजण भेडाघाटला पाहुणे घेऊन पन्नास वेळा गेले आणि या संस्थांच्या फाटकातून एकदाही आत गेले नाहीत, याची गणती न केलेली बरी.

कोणी म्हणेल, हा स्वदेशीचा जुना राग आहे. मुळीच नाही. सीताफळ, पेरू, चिकू ही सारी अमेरिकेहून आली आणि आपल्या अंगणांत नांदली. शिवाय या भागात परके कोण हे ठरविणेही जड जाते. दिंडोरी जिल्ह्यात घुघुआ येथे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची झाडे दगड होऊन पडली आहेत. १९८३ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. त्यांत ताड-माडाच्या कुळातली खोडे आहेत, आणि ज्यास आपण ऑस्ट्रेलियाचा पाहुणा म्हणतो त्या निलगिरीच्या जातीचे म्हणून ओळखले गेलेले खोडही आहे. खुद्द जबलपुरात, बडा शिमला टेकडीवर, १८२८ साली कॅप्टन स्लीमनला दगडी झाडे सापडली होती, डायनोसॉरच्या हाडांसह. तोही बदलीवालाच. तेव्हा झाड कोठून आले हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. ते कोठे राहणार आहे, जमिनीत की ट्रकात, एवढेच विचारतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मागून येणारा तोडून टाकील. तोडतोच. मोटार उभी करण्यास जागा हवी म्हणून फळता फणस तोडलेला आम्ही पाहिला आहे. परंतु त्या माणसास आपण काय सांगून गेलो होतो? सरकारी घराचा ताबा देता-घेता एक यादी होते. तीत पंखे असतात, नळ असतात, खिडकीच्या फुटक्या काचा असतात, दाराची कडी असते. वीस वर्षे वाढलेले झाड तीत नसते. कडी हरविली तर वसुली होते. झाड हरविले तर कोणाचे काही हरविलेलेच नसते. आम्हा कारकुनांस हे सांगावयास नको की जे कागदावर नाही ते नाही. मग ते कागदावर आणण्याचे काम कारकुनांवाचून कोण करणार? प्रत्येक मराठी कुटुंबाने घर सोडताना आपल्या अंगणातील झाडांची नोंद, नाव आणि निगेसह, त्या यादीस जोडावी आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. आम्ही हे संबंधित कचेरीत सुचविले. तेथल्या गृहस्थांनी आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले, छापील नमुना उलटून पाहिला आणि म्हणाले, "इसका कॉलम नहीं है." रकाना नाही हे खरेच होते. आम्ही कोऱ्या कागदावर लिहून नेले. तो त्यांनी टाचला नाही, परतही केला नाही.

यंदा आमची येथली चार वर्षे भरतात. हुकूम केव्हाही येईल. टेटू छपरापर्यंत पोहोचला आहे, त्यास अजून फूल आलेले नाही. शेजारचे गृहस्थ कुंपणावरून विचारीत होते की इतकी मेहनत करून शेवटी नेणार काय? बियांच्या दोन पुड्या नेऊ असे आम्ही म्हणालो, तर हसले. मग जरा थांबून, चारोळीच्या रोपास उन्हाळ्यात किती पाणी लागते ते त्यांनी विचारले. यादी आम्ही पुन्हा लिहिली आहे, या वेळी तीन प्रतींत:

टेटू, एक. पूर्वेच्या कुंपणापासून बारा फूट, विजेच्या तारांपासून दूर. पाणी लागत नाही. शेंगा लागल्यास घाबरू नये.

अचार, दोन. नळाच्या उजवीकडे. मार्च ते जून आठवड्यातून एकदा पाणी. वाढ मंद आहे. वाळले असे समजून उपटू नये.

सीतेचा अशोक, एक, रोप. उत्तरेच्या भिंतीच्या सावलीत. यास कृपया हलवू नये.