खेळामागचा व्यायाम

मुलगा पहाटे उठून धावू लागला किंवा मुलगी शाळेच्या कबड्डी संघात निवडली गेली, की घरात आनंद होतो. परंतु तीच मुले अंगणात सतरंजी टाकून पाठीवर पडली, पाय उचलून श्वास मोजू लागली, तर वडीलधारी मंडळी म्हणतात, “धावायचे तर धावावे, खेळायचे तर खेळावे, असे लोळण्याने काय साधणार?” प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आपल्याच परंपरेत आहे.

खेळ हा हातापायांचा दिसतो, परंतु तो उभा असतो धडावर. कबड्डीत चढाई करणारा गडी वाकतो, हात लांबवितो आणि त्याच क्षणी मागे वळतो. धावणाऱ्याचा एक पाय जमिनीवर टेकतो तेव्हा साऱ्या शरीराचा भार त्या बाजूच्या कमरेवर येतो. त्या वेळी पोट, पाठ आणि ओटीपोट ह्यांचे आतले स्नायू सावध नसले, तर कंबर एका बाजूस झुकते, पायांची शक्ती वाया जाते आणि गुडघ्यावर व मणक्यांवर नको तो ताण पडतो. केवळ खेळ खेळत राहिल्याने हे आतले स्नायू सारखे तयार होतातच असे नाही. शरीर आपल्या बळकट बाजूवर विसंबते आणि दुबळी बाजू दुबळीच राहते. म्हणून खेळाच्या पाठीशी दुसरा एक व्यायाम असावा लागतो.

हे आपल्या मल्लांनी फार पूर्वी ओळखले होते. कुस्तीच्या तयारीसाठी खांबावर कसरत करण्याची प्रथा जुनी आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ह्या ग्रंथात तिचा उल्लेख सापडतो. पुढे दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभट्टदादा देवधर ह्यांनी तिला नवे रूप दिले. परंपरा अशी सांगते की, निजामाच्या राज्यातून आलेल्या मल्लांनी पेशव्यांच्या दरबारात आव्हान दिले तेव्हा बाळंभट्टांनी मुदत मागून घेतली, लाकडी खांबावर कसून सराव केला आणि मग कुस्ती जिंकली. कथेचा तपशील कसाही असो, त्यातील मर्म खरे आहे. एरंडेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर नुसत्या हातांनी टिकता येत नाही. मांड्या, पोट, पाठ आणि श्वास एकत्र यावे लागतात. खांब हा मल्लाचा न थकणारा जोडीदार होय.

हा वारसा आपल्यापासून दूर नाही. देडतलाईहून धारणी आणि मेळघाट ओलांडून जाणारा रस्ता अमरावतीस पोहोचतो. तेथे १९१४ साली स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांबासह देशी व्यायाम जतन केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने तेथे आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. आपल्या मध्य प्रदेश शासनानेही २०१३ साली मल्लखांबास राज्याचा खेळ म्हणून मान्यता दिली, आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय ह्यांस २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. एके काळी कुस्तीचा सोबती असलेला व्यायाम आज स्वतःच मानाचा खेळ झाला आहे.

अशीच एक पद्धत पश्चिमेकडे निर्माण झाली. तिचे जनक जोसेफ पिलाटीस हे १८८३ साली जर्मनीत जन्मले. लहानपणी ते प्रकृतीने अशक्त होते. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमध्ये नजरकैदेत असताना त्यांनी आपल्या व्यायामांची मांडणी केली, आणि नंतर न्यूयॉर्क येथे व्यायामशाळा उघडली. दुखापत झालेले नर्तक त्यांच्याकडे येऊ लागले. १९६७ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावानेच ही पद्धत आज जगभर ओळखली जाते. तिचे सूत्र सोपे आहे: हालचाल सावकाश असावी, मन त्यात असावे, श्वास तालात असावा, आणि प्रत्येक हालचाल देहाच्या मध्यातून निघावी.

तिच्याकडून काय अपेक्षा धरावी, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुन्या कंबरदुखीत ह्या व्यायामाचा बऱ्याच लोकांना उपयोग होतो, असे संशोधनात आढळले आहे. परंतु तो इतर चांगल्या व्यायामांहून निश्चितपणे श्रेष्ठ आहे, असे सिद्ध झालेले नाही. त्याने धडाचे बळ व तोल सुधारतो. मात्र धावण्याचा वेग धावूनच वाढतो आणि कबड्डीची चपळाई मैदानावरच येते. सोबती हा सोबतीच असतो. तो मुख्य खेळाची जागा घेत नाही.

ह्यासाठी पैसा लागत नाही. सपाट जमीन, एक सतरंजी आणि रोजची दहा मिनिटे पुरेत. प्रथम पाठीवर निजून गुडघे उभे करावे आणि श्वास सोडताना पोट हलकेच आत घ्यावे. असे दहा वेळा करावे. मग त्याच स्थितीत कंबर सावकाश वर उचलून खांदे ते गुडघे एका रेषेत आणावे आणि तितक्याच सावकाश खाली यावे. नंतर हात व गुडघे टेकून उजवा हात व डावा पाय लांब करावा, मग बाजू बदलावी. पाठीवर पाण्याचा तांब्या ठेवला आहे असे समजावे. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा पुरे. दुखणे पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील किंवा पाय बधिर होत असेल, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांस दाखवावे.

आपल्या मुलामुलींच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही. आपली मुले शाळा सुटल्यावर शेतातही राबतात, मुली डोक्यावरून पाणी वाहतात. पोलीस वा सैन्यभरतीच्या आशेने धावणाऱ्या तरुणाची कंबर ऐन वेळी दुखावली, तर एका घराची उमेद खचते. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, सतरंजीवर निजून श्वास मोजताना दिसले, तर त्यांस आळशी म्हणू नये. शक्य असल्यास आईवडिलांनीही शेजारी बसून ती दहा मिनिटे त्यांच्याबरोबर करावी. ओझे वाहणाऱ्या कमरेलाही त्यांची तितकीच गरज आहे.